तिसरा महिना सरायच्या आत

जून २०२४ मध्ये पुण्यातल्या एरंडवणे भागात झिकाचे रुग्ण सापडले आणि पाहता पाहता ही साथ शहराच्या इतर भागांतही पोचली. लागण झालेल्यांमध्ये गर्भवती बायका बऱ्याच होत्या. त्या वर्षी देशभरात झिकाचे दीडशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. त्यातले बहुतेक आपल्या राज्यातले, आणि त्यातही सर्वाधिक पुण्याचे. हा मोठ्या शहराचा आजार, आपल्याला काय त्याचं, असं मात्र म्हणायची सोय नाही. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये सापडला, तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. २०२४ मध्ये संगमनेरलाही रुग्ण निघालेच.

त्या दिवसांत बातम्यांतून एक शब्द सारखा कानावर पडत होता, मायक्रोसेफली. म्हणजे बाळाचं डोकं वयाच्या मानानं फारच लहान असणं, कारण आतला मेंदूच पुरता वाढलेला नसतो. शब्द सगळ्यांना पाठ झाला. पण डास चावला आईला, तिला ताप आला न आला, आणि मेंदू खुंटला बाळाचा, हे घडतं तरी कसं? आणि घाला मुख्यतः मेंदूवरच का? याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. खरं कारण कळलं नाही की आपल्याकडे दुसरी कारणं तयार असतातच. ग्रहणात विळी हातात घेतली असेल, पपई खाल्ली असेल, कुणाची दृष्ट लागली असेल... आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'हिनंच नीट काळजी घेतली नाही!'

म्हणूनच मैत्रिणींनो, आज जरा गर्भातल्या बाळाच्या मेंदूत डोकावू या. विषय ऐकायला अवघड आहे, पण शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या उदाहरणांनी तो छान समजतो. आणि समजला की एक गोष्ट लख्खपणे दिसते. ज्या दिवसांत बाळाच्या मेंदूचा पाया घातला जात असतो, नेमक्या त्याच दिवसांत त्या बाईकडे घराचंही लक्ष नसतं आणि सरकारचंही!

आधी बियाणं, मग पीक

मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. हा हिशेब २००९ मध्ये मांडला सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या ब्राझीलच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यातल्या सुमारे १,६०० कोटी असतात मेंदूच्या वरच्या, अक्रोडासारख्या सुरकुतलेल्या थरात. विचार, भाषा, आठवण ही सगळी कामं मुख्यतः या थराची. आणि या थरातल्या बहुतेक चेतापेशी गर्भारपणाचा निम्मा काळ उलटेपर्यंत तयार होऊन जातात. तिथून पुढे जोडण्या वाढतात, मेंदूचं वजन वाढतं, पण नव्या पेशींची मोठी भर पडत नाही.

इतक्या पेशी येतात कुठून? मूलपेशींच्या एका पातळ थरातून. मूलपेशी म्हणजे शेतकऱ्याच्या घरचं बियाणं समजा. सुरुवातीच्या आठवड्यांत एका मूलपेशीच्या दोन मूलपेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. म्हणजे आधी नुसतं बियाणं वाढवायचं. दुसरा महिना संपत आला की पिकाला सुरुवात होते. आता मूलपेशी विभागली की एक भाग मूलपेशीच राहतो आणि दुसरा भाग चेतापेशी होण्याच्या वाटेला लागतो. चेतापेशी एकदा झाली की ती पुन्हा विभागत नाही. दळलेलं धान्य पुन्हा पेरता येत नाही, तसंच.

आता गणित बघा. एका पेशीपासून दुपटीच्या दहा खेपा झाल्या तर १,०२४ पेशी होतात. काही कारणानं सातव्या खेपेलाच दुप्पट होणं थांबलं तर होतात फक्त १२८. खेपा तीनच चुकल्या, पण पेशी आठपट कमी! ज्या घरात पेरणीआधीच बियाणं दळून खाल्लं जातं, त्या घराचं पुढे काय होतं हे आपल्याला सांगायला नको. लहान डोक्याच्या बऱ्याच बाळांच्या बाबतीत गर्भात हेच झालेलं असतं. मूलपेशी वेळेआधीच चेतापेशी होऊन बसतात, नाहीतर विभागता विभागता मरून जातात.

वांगं उभं चिरलं की आडवं?

पेशीचे दोन भाग होतात म्हणजे नेमकं काय होतं? मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सूत्री विभाजन' म्हणून धडा असतो, तो इथे कामाला येतो. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. विभागण्याआधी पेशी या सगळ्यांची नक्कल करून ठेवते. मग पेशीच्या दोन टोकांना दोन ठाणी तयार होतात, त्यांना तारककाय म्हणतात. दोन्ही ठाण्यांतून बारीक धागे निघतात आणि मधोमध उभ्या असलेल्या गुणसूत्रांना धरतात. हे सगळं मिळून सूत कातायच्या चातीसारखं दिसतं, मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं. म्हणूनच त्या धाग्यांना तर्कुतंतू असं नाव आहे. मग सुरू होते रस्सीखेच. मजा अशी, की यात पंचाचीही सोय आहे. एखादं गुणसूत्र धाग्याला लागायचं राहिलं असेल, तर पेशी थांबते. सगळी नीट धरली गेली, की मगच जोड्या सुटतात आणि दोन्हीकडे सारखी वाटणी होते.

ही यंत्रणा शरीरातल्या सगळ्याच विभागणाऱ्या पेशींत असते. पण मेंदूच्या मूलपेशींना आणखी एक पेच सोडवावा लागतो, तो म्हणजे काप कोणत्या दिशेनं द्यायचा. या पेशी लांबोड्या असतात. त्यांचं एक टोक मेंदूच्या आतल्या पोकळीला चिकटलेलं असतं. मूलपेशी म्हणून टिकायला ते टोक फार उपयोगाचं. भरल्या वांग्यासाठी आपण वांगं देठासकट उभं चिरतो, तेव्हा देठ दोन्हीकडे थोडं थोडं राहतं. तेच आडवं कापलं तर देठ एकाच तुकड्याला. मूलपेशीचंही ढोबळ मानानं असंच आहे. उभा काप गेला तर दोन्ही लेकी मूलपेशी राहू शकतात. काप कलला तर एकीकडेच 'देठ' राहतं आणि दुसरी चेतापेशीच्या वाटेला जाते. काप कुठे जाणार हे ठरतं चातीच्या दिशेवरून, आणि चाती कशी बसणार हे मुख्यतः त्या दोन ठाण्यांवरून.

म्हणजे ठाणं ढिलं पडलं, धागे विस्कटले, चाती वाकडी बसली, नाहीतर नुसता उशीर झाला, तरी बियाण्याचा हिशेब चुकतो. उशिराचा परिणाम तर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेब्रा सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांच्या मूलपेशींवर दाखवून दिला. विभाजन रेंगाळलं की त्यातून होणाऱ्या पेशी अवेळी चेतापेशी तरी बनतात, नाहीतर मरतात. थोडक्या वेळात इतक्या खेपा करायच्या असल्यानं मेंदूला हा उशीर फार महागात पडतो.

रेसिफेच्या डॉक्टरीणबाई

आता झिकाकडे वळू. हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९४७ मध्ये, युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात, एका माकडात. पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे कुणी गांभीर्यानं पाहिलं नाही. ताप, पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी, आणि चार-आठ दिवसांत माणूस बरा. बहुतेकांना तर काही लक्षणंच नाहीत.

२०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात, रेसिफे शहरात वानेसा वान डर लिंडेन आणि त्यांच्या आई आना, या दोघी बालमेंदूतज्ज्ञ आपापल्या रुग्णालयांत काम करत होत्या. एरवी क्वचित दिसणारी लहान डोक्याची बाळं त्यांच्याकडे एकामागोमाग एक येऊ लागली. माय-लेकींनी आपली निरीक्षणं ताडून पाहिली आणि सरकारला कळवलं. कांपिना ग्रांदे गावच्या आद्रियाना मेलो या डॉक्टरांनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने तपासायला पाठवले, त्यांत झिका सापडला. रेसिफेच्याच सेलिना तुर्की यांनी संशोधकांची मोट बांधली आणि झिका व लहान डोकं यांचा संबंध आकड्यांनिशी दाखवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राझीलनं आणीबाणी जाहीर केली आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं साऱ्या जगाला सावध केलं.

मग प्रयोगशाळा कामाला लागल्या. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की झिका माणसाच्या मेंदूच्या मूलपेशींत झपाट्यानं शिरतो, त्यांचं विभाजन बिघडवतो आणि त्यांना मारतो. येल विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं, की विभाजनाच्या वेळी ठाण्यावर हजर असायला हवं असं एक प्रथिन लागण झालेल्या पेशीत भलतीकडेच जाऊन बसतं. जर्मनीतल्या अभ्यासात ठाण्यांची रचनाच बिघडलेली आढळली आणि मूलपेशी वेळेआधी चेतापेशी होताना दिसल्या. मेंदूच का, याचाही एक धागा २०१७ मध्ये हाती आला. मूलपेशींमध्ये भरपूर असणारं मुसाशी नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्याच मदतीनं झिका आपली वाढ करून घेतो. केंब्रिजमध्ये झालेल्या या कामात पुढे होत्या पवित्रा चावली. नंतर त्या हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संस्थेत संशोधन करू लागल्या.

थोडक्यात काय, तर विषाणू थेट बियाण्याच्या कणगीलाच हात घालतो.

दोष असला तर दोन्हीकडचा

लहान डोक्याचं प्रत्येक बाळ झिकाचं असतं असं मात्र मुळीच नाही. रुबेलासारखे आजार, जन्माच्या वेळी बाळ गुदमरणं, आईचं मद्यपान अशी आणखी कारणं आहेत. आणि एक कारण जनुकांचं. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी तिथल्या, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून एक जनुक शोधलं. त्याचं काम काय, तर चातीच्या टोकाची घडी नीट ठेवणं! अशी आणखी कितीतरी जनुकं पुढे सापडली आणि त्यातली बरीचशी याच ठाण्यांची आणि चातीची निघाली. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकेस्टर यांनी तर अशा एका रुग्णाच्या पेशींपासून मेंदूच्या ऊतीचे इवलेसे गोळे बशीत वाढवले. तिथेही तेच दिसलं. मूलपेशी घाईनं चेतापेशी झाल्या आणि गोळा लहान राहिला.

यातले बहुतेक दोष असे, की आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच बाळाला त्रास होतो. दोघं स्वतः ठणठणीत असतात, पण दर गर्भारपणात चारात एक अशी शक्यता असते. नात्यातल्या लग्नांत ती प्रत दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे, विशेषतः राज्याच्या दक्षिण भागात, आते-मामे भावंडांची लग्नं अजून होतात. 'घरातली मुलगी घरात राहते' हे खरं, पण अशा घरात एखादं बाळ मंदगतीनं वाढत असेल तर पुढच्या खेपेआधी जनुकीय सल्ला घ्यायला हवा. दोघांनी मिळून जायचं, सुनेला एकटीला पाठवायचं नाही. कारण यात वाटा दोघांचा सारखाच असतो.

'तीन महिने सांगायचं नाही'

आता खरा प्रश्न. मेंदूच्या बियाण्याचा हा सगळा खेळ चालतो पहिल्या तीन-चार महिन्यांत. झिकाचा सगळ्यात जास्त धोकाही पहिल्याच तिमाहीत, जरी पुढे तो पूर्ण टळत नसला तरी. मेंदू ज्यापासून घडतो ती नळी तर गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात ते याचसाठी. या गोळ्यांनी झिका टळत नाही, पण पेशींना आपल्या नकला करायला लागणारं साहित्य त्यातून मिळतं.

आणि आपण काय करतो? 'तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही' म्हणतो! यामागची भावना समजते. सुरुवातीला गर्भ पडण्याची भीती असते, लोकांची तोंडं नकोत असं वाटतं. पण त्याचा परिणाम असा होतो, की त्या तीन महिन्यांत ती बाई पहाटे उठून पाणी भरते, भरदुपारी धुणी धुते, उलट्या दाबत कामावर जाते. आशाताईंना पत्ता नाही, नोंदणी नाही, गोळ्या नाहीत. कौतुक सुरू होतं ते चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर. डोहाळजेवण सातव्यात! सरकारी नियम बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायला सांगतो, पण कित्येक घरांत ते पुढे ढकललं जातं.

सोनोग्राफीचंही तसंच. बाळाच्या व्यंगाची मुख्य तपासणी होते अठरा ते वीस आठवड्यांना. डोक्याची खुंटलेली वाढ बरेचदा त्याच्याही नंतर दिसते. म्हणजे यंत्रावर दिसतं तेव्हा बियाण्याचा हंगाम होऊन गेलेला असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यानं गंभीर व्यंगाच्या वेळी वीस आठवड्यांनंतरही, आणि चोवीसच्या पुढे वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं, निर्णय घेण्याची मुभा दिली आहे. पण तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहराला जाता-येता दिवस हातचे जातात.

घाबरून मात्र जायचं नाही. झिका झालेल्या आयांची बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा १०० बाळांपैकी ५ ते १५ बाळांना काही ना काही त्रास होतो. आणि २०२४ मध्ये भारतात झिकामुळे लहान डोक्याचं बाळ झाल्याची नोंद नाही, असंही याच संघटनेनं म्हटलं. पण दैव चांगलं म्हणून वाचलो, यावर किती दिवस विसंबायचं?

हिशेब मागायला हवा

३ जुलै २०२४ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं राज्यांना सूचना पाठवल्या. बाधित भागातल्या गर्भवतींची तपासणी करा, लागण झालेल्यांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा, रुग्णालयांच्या आवारात डास होऊ देऊ नका. चांगलंच झालं. पण या सूचना साथ आल्यावरच्या. जिला स्वतःलाच अजून दिवस राहिल्याचं ठाऊक नाही, तिला कोण तपासणार? तिचं रक्षण होतं ते साथीआधी गावातले डास कमी झाले असतील तरच. एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथे बाई पिंप, हंडे भरून ठेवणारच. ते तिचं अज्ञान नाही, नाइलाज आहे. तेव्हा नगरपालिकेनं 'पाणी साठवू नका' असे फलक लावण्याआधी पाणी रोज कसं येईल ते सांगावं.

माहिती वेळेवर मिळणं हाही आपला हक्कच. अहमदाबादच्या बापूनगर भागात २०१६-१७ मध्ये झिकाचे तीन रुग्ण सापडले होते. त्यात एक गर्भवती होती, एक बाळंतीण. लोकांना ते कळलं मे २०१७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केल्यावर! त्या मधल्या महिन्यांत तिथे किती जणींना दिवस राहिले असतील?

ब्राझीलमध्ये तीन हजारांहून जास्त बाळं या आजाराच्या खुणा घेऊन जन्मली. कितीतरी नवरे बायको-बाळाला टाकून निघून गेले. रेसिफेच्या आयांनी 'देवदूतांच्या आयांची एकजूट' अशा अर्थाच्या नावाची संघटना काढली. डास आटोक्यात ठेवणं हे सरकारचं काम होतं, ते झालं नाही, मग भार आम्ही एकट्यांनी का वाहायचा, असा या आयांचा सवाल होता. २०२० मध्ये तिथे पेन्शनचा कायदा झाला. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला, प्रत्येक बाळामागे ५० हजार रेआल भरपाई आणि तहहयात मासिक पेन्शन. राष्ट्राध्यक्षांनी आधी तो अडवला होता, संसदेनं तो अडसर दूर केला. तोवर पहिली बाळं दहा वर्षांची होत आली होती.

आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून करण्यासारखं बरंच आहे. आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी घासून कोरडी करा आणि पिंपांना घट्ट झाकण घाला. दिवसाही अंगभर कपडे आणि मच्छरदाणी वापरा, डास पळवणारं मलम डॉक्टरांना विचारून लावा. साथ असेल तर गर्भारपणात नवऱ्यानं निरोध वापरायलाच हवा, कारण झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. हे बोलायला संकोच वाटतो, पण बोलायला हवं. ताप-पुरळ आलं तर मनानं गोळी न घेता लगेच डॉक्टरांना दाखवा, नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तपासता येतो. आणि गावाला नाही सांगितलं तरी चालेल, पण आशाताईंना मात्र पाळी चुकताच सांगा. झिकावर लस अजून बाजारात आलेली नाही, तेव्हा सध्या भिस्त याच गोष्टींवर.

बचतगटाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न जरूर विचारा. आपल्या गावात डासांची फवारणी आणि घरोघरची पाहणी शेवटची कधी झाली? आणि आपल्या गल्लीत कुणाच्या पोटी लहान डोक्याचं लेकरू असेल, तर आपण त्या माउलीची विचारपूस करतो, की तिच्या माघारी ग्रहणाच्या गोष्टी सांगतो? पहिल्याचं उत्तर नगरपालिकेकडून मागून घ्यायचं आहे. दुसऱ्याचं आपल्यालाच द्यायचं आहे.